जुळ्यांची दुपटी

हौसाबाईंनी खाटेवर मांडी ठोकली, पदर खोचला आणि आमच्या सोसायटीतल्या बाईसारखं तोंड करून विचारलं, "हां, तर पाटणकर वहिनी, इमानात खायाला काय द्येत्यात हो?"

"एक पाव, लोण्याची वडी आणि थंडगार भाजी," मी म्हणाले. "कशालाच चव नसते."

"मंग हितल्यावानीच की!" हौसाबाई सोसायटीतून एकदम वॉर्डात परतल्या. "त्येच्यासाठी येवढ्या लांब कशापायी जायाचं?"

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका खो खो हसल्या. मी त्यांना गप्प केलं. मला धडा पाठ करायचा होता. येत्या शनिवारी मला घरी सोडणार होते, आणि घरी पाऊल टाकल्याबरोबर सोसायटीतल्या बायका अमेरिकेविषयी विचारायला येणार होत्या. मी अमेरिका नकाशातच पाहिलेली. पावसाळ्यापासून मी त्या सरकारी मनोरुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात होते. आमच्या गावाला मात्र पक्कं ठाऊक होतं की कुमुद पाटणकर शिकागोला गेली आहे, मावसबहिणीच्या बाळंतपणाला.

ही मावसबहीण मला नव्हती. ती माझ्या सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, काढली. सुलभा हे नावही त्यांनीच ठेवलं.

मी आजारी होते हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मला कुणी उगीच डांबलं. त्या उन्हाळ्यात माझी झोप उडाली. मग जिन्यात बायका बोलत असल्या की त्या माझ्याविषयीच काहीबाही रचून सांगताहेत, अशी माझी खात्री व्हायला लागली. मी खिडक्यांच्या काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली. शेवटी पोळ्यांतही काही घातलंय म्हणून जेवण सोडलं. आमचे हे, म्हणजे माझे यजमान अरविंद, पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. आयुष्यात त्यांनी कधी कुणाला उलट उत्तर दिलेलं नाही, तेव्हा मलाही दिलं नाही. एक दिवस मात्र त्यांनी मला गाडीत घातलं आणि त्या मोठ्या शहरात आणून दाखल केलं. औषधांनी मी खरंच बरी झाले. "कुमुदताई, तुमच्याविषयी कुणीही काहीही रचत नाही," असं डॉक्टर मला रोज समजावायचे, आणि मला ते पटायलाही लागलं. नेमकी तेव्हाच रचायला सुरुवात झाली होती, आणि तीही आमच्याच स्वयंपाकघरात.

माईंना दोष देऊन उपयोग नाही. केतकी, आमची एकुलती एक मुलगी, पुण्याला शिकत होती. उद्या तिचं लग्न करायचं. मुलाकडचे आधी आई बघतात आणि मग मुलगी, असं माईंचं म्हणणं. आई कुठे आहे म्हणून कुणी विचारलं तर काय सांगणार? मग अमेरिकाच बरी. तिथे जाऊन कुणी चौकशी करत नाही.

डॉक्टर आधी म्हणाले होते की दोन महिन्यांत सोडू. त्या हिशेबाने सुलभाचे दिवस भरत आलेले होते. मग माझा मुक्काम वाढला, तेव्हा माईंनी बाळ लवकर जन्माला घातलं आणि अशक्त आहे असं जाहीर केलं. माझं औषध बदललं, तेव्हा बाळाला कावीळ झाली. दिवाळी उलटली तरी मी सुटेना, तेव्हा एका बाळावर भागणार नाही हे माईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती जुळी आहेत असं सांगितलं. जन्मून दोन महिने झालेलं मूल अचानक जुळं निघालं, आणि सोसायटीत एकीनेही तोंडातून चकार शब्द काढला नाही. "तिकडचे डॉक्टर सगळं एकदम सांगत नाहीत," एवढा खुलासा माईंनी केला होता, तो पुरला.

उलट बाळंतविडा यायला लागला. झबली, टोपडी, बाळगुटी, काजळाच्या डब्या. हे सामान कुणीतरी अमेरिकेला जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवायचं, असं सोसायटीत ठरलं होतं, आणि हा माणूस पुण्यात गाठण्यासाठी हे पंधरा दिवसांनी एकदा ऑफिसमधून रजा काढून निघत. निघत ते थेट माझ्याकडे येण्यासाठी. घरात ठेवलं तर कुणीतरी पाहील म्हणून सगळं वॉर्डात यायचं.

सगळ्यांत जास्त यायचं ते समोरच्या बिऱ्हाडातल्या शकूताई घारपुऱ्यांकडून. माझ्यापेक्षा आठदहा वर्षांनी मोठ्या, अबोल बाई. घरी शिवणाचे क्लास घ्यायच्या. लग्नाआधी वर्षभर त्या इंदूरला मामांकडे होत्या, त्याचा उल्लेख बोलण्यात अधूनमधून यायचा. तिथल्या खाण्यापिण्याचं सांगा म्हटलं की म्हणायच्या, "मी फारशी कुठे बाहेर पडले हो?" आणि सुईत दोरा ओवायला लागायच्या. तर यांचं निघायचं ठरलं की आदल्या दिवशी शकूताई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन दारात हजर. सुलभाची कंबर भरून यायला हवी ना!

सुलभाचं बाळंतपण आमच्या वॉर्डाला फार मानवलं. डिंक, खारीक, खोबरं, अळीव. वॉर्डातलं वरण इतकं पातळ असायचं की त्यात आपला चेहरा दिसावा. त्यावर हे लाडू. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, ते डॉक्टरांनी औषधाच्या खात्यावर मांडलं. हौसाबाई तर प्रत्येक लाडू खाताना "पोरी, जुळ्यास्नी उदंड आयुष्य लाभूं दे," असा आशीर्वाद द्यायच्या.

आणि दुपटी. शकूताईंनी जुनी मऊ लुगडी जोडून जुळ्यांसाठी दोन दुपटी शिवून पाठवली होती. शिवण काय सुरेख! पण माप पार चुकलेलं. तान्ह्या बाळाचं दुपटं ते केवढं असावं? मी आडवी पडून पाय पसरले तरी बाहेर येत नव्हते.

"ह्या बाईला प्वार न्हाई वाटतं कवा झालं," हौसाबाई दुपट्याला हात लावत म्हणाल्या.

"दोन मुलगे आहेत हो त्यांना."

"मंग अमेरिकंची पोरं थोराड असत्यात, आसं वाटलं आसंल बिचारीला."

आम्ही खूप हसलो. एक मी घेतलं, एक हौसाबाईंना दिलं. त्या डिसेंबरात वॉर्डाच्या फुटक्या तावदानांतून वारा असा घुसायचा की सरकारी चादर अंगावर असून नसल्यासारखी. दुपट्यात गुरफटून आम्ही दोघी शिकागोची थंडी काढली.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. डॉक्टर शनिवारी सोडतो म्हणाले आणि यांनी माईंचा निरोप आणला. निरोप देताना माझ्याकडे न बघता, स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाले, "आई म्हणते, अमेरिका नीट पाठ करून ये. चारचौघींत गडबडायचं नाही. आणि जमणार नसेल तर..."

"तर काय?"

"तर केतकीचं लग्न होईपर्यंत इथेच राहू दे म्हणते. जुळ्यांचं पुढे काय करायचं ते ती बघेल."

केतकीला अजून एक स्थळही आलेलं नव्हतं. माई बोलल्या म्हणजे करणार, आणि हे काही म्हणणार नाहीत. या शनिवारी बाहेर पडले तर पडले. म्हणून मी हौसाबाईंना हाताशी धरून अमेरिका घोकायला बसले होते.

विमानातलं जेवण झालं, बर्फ झाला, जुळ्यांचं नाहणं झालं. दुपारी जाधव सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "पाटणकर, डॉक्टर बोलावतायत."

डॉक्टर ढेरे तरुण होते, सज्जन होते. समोरच्याचं बोलणं मान तिरकी करून ऐकायची त्यांना सवय होती. त्या दिवशी त्यांची मान जरा जास्तच तिरकी होती.

"कुमुदताई, सिस्टर म्हणत होत्या की तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात."

"छे हो! मी कुठली जाते?"

"सकाळी तुम्ही विमानातल्या जेवणाचं वर्णन करत होतात."

"ती तालीम होती."

"कशाची?"

"घरी गेल्यावर सांगायची. आमच्या घरच्यांनी गावात सांगितलंय ना, की मी शिकागोला मावसबहिणीच्या बाळंतपणाला गेलेय."

"मावसबहीण शिकागोला असते तर."

"मला मावसबहीणच नाही, डॉक्टर."

डॉक्टरांनी माझ्या फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मग फार मऊ आवाजात म्हणाले, "म्हणजे घरचे तुमच्याविषयी खोट्या गोष्टी रचून पसरवतात, असं तुम्हाला वाटतं?"

"वाटत नाही, पसरवतात."

"आणि सोसायटीतल्या बायका?"

"त्या त्यावर बोलत असतात. जिन्यात."

हे तोंडातून गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं. डॉक्टरांनी फाइलची पहिली पानं उलटली. "तुम्ही दाखल झालात तेव्हा शब्दन् शब्द हेच म्हणाला होतात."

"तेव्हा ते खोटं होतं, डॉक्टर! आता खरं आहे."

"तेव्हाही तुम्हाला ते खरंच वाटत होतं."

"अहो, जुळ्यांचं विचारा हवं तर कुणालाही..."

"कोणती जुळी?"

मी तोंड मिटलं. उघडलं असतं तर काविळीपर्यंत गेले असते.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "डिस्चार्ज तूर्त थांबवू. शनिवारी घरच्यांना यायला सांगितलंच आहे, त्यांच्याशी मी बोलतो. तोवर गोळी थोडी वाढवू या."

खाटेवर येऊन मी भिंतीकडे तोंड करून पडले. रडूसुद्धा येईना, इतकी चीड आली होती. आजारी होते तेव्हा खोटं बोलले तर कुणी विश्वास ठेवला नाही, ते ठीक. आता बरी होऊन खरं बोलले, तर गोळी वाढली! हौसाबाई उशाशी येऊन बसल्या आणि माझे केस मागे सारत राहिल्या.

"जाशील गं. तुझा मालक येतुया, लाडू आणतुया."

"आणि नाही सोडलं तर? माई मला इथेच ठेवतील. अमेरिकेला पाठवलंय ना मला!"

"माझ्या घरच्यांनी गावात सांगितलंय, हौसा मेली म्हून," हौसाबाई म्हणाल्या. "तेराव्याचं जेवानबी घातलं. तुला निदान अमेरिकंला तरी धाडलं."

मी उठले आणि दोघींनी शेवटचा लाडू अर्धा अर्धा खाल्ला.

शनिवारी हे आले, आणि बरोबर माई. माई पहिल्यांदाच येत होत्या. ठेवणीतलं नऊवारी, हातात पर्स, आणि चेहरा असा की जणू चुकून दुसऱ्याच्या लग्नाला आल्यात. डॉक्टरांच्या खोलीत आम्ही बसलो. बाजूला एक नवीन समाजसेविका बसल्या होत्या, चौगुले नावाच्या. डॉक्टर फाइल काढेपर्यंत त्या हसून म्हणाल्या, "पाटणकर म्हणजे पोस्टामागच्या सोसायटीतले ना? माझी सख्खी आत्या तिथेच राहते. निंबाळकर वहिनी म्हणतात सगळे."

माईंच्या तोंडचं पाणी पळालं. निंबाळकर वहिनी म्हणजे आमच्या सोसायटीचं आकाशवाणी केंद्र. सकाळी त्यांच्या कानावर घातलेलं दुपारी दूधवाल्याला माहीत असायचं.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "एकच साधा प्रश्न आहे. तुमच्या सूनबाई पावसाळ्यापासून कुठे होत्या?"

माईंनी चौगुलेबाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे, माझ्या अंगावरच्या वॉर्डाच्या हिरव्या साडीकडे. मग डॉक्टरांच्या डोक्यावरच्या पाटीकडे, जिच्यावर ठळक अक्षरांत 'मनोरुग्णालय, स्त्री विभाग' असं लिहिलेलं होतं. मग त्यांनी मान ताठ केली.

"अमेरिकेला," माई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कुठे?"

"शिकागोला. मावसबहिणीचं बाळंतपण होतं हिच्या. जुळी झाली."

"आजी, त्या इथे बसल्यात."

"हो ना," माई म्हणाल्या. "आजच उतरली."

डॉक्टरांनी मान तिरकी केली, पण या वेळी ती माईंच्या दिशेने.

"आजी, झोप कशी लागते तुम्हाला?"

"कसली झोप! डोळ्याला डोळा नाही लागत सहा महिने."

"का बरं?"

"डोक्याला शांतता आहे का? सारखं लक्ष ठेवावं लागतं, कोण काय बोलतंय, कुणी काय विचारलं, आपण काय सांगितलं होतं..."

"लोक तुमच्याविषयी बोलतात असं वाटतं?"

"सगळी सोसायटी बोलते! जिन्यातून जाताना कुजबुजतात मेल्या!"

डॉक्टर भराभर लिहायला लागले. दुसऱ्या कुठल्या वेळी मी पोट धरून हसले असते. पण मला दिसत होतं, खोलीत आता एकच माणूस उरला होता ज्याच्या शब्दावर माझं घर अवलंबून होतं, आणि त्या माणसाने जन्मात आईसमोर वर मान केली नव्हती. डॉक्टर त्यांच्याकडेच वळले.

"पाटणकर, तुम्ही सांगा. कुठे होत्या या?"

हे चपलांकडे बघायला लागले.

"अरविंद," माई हळूच म्हणाल्या, "केतकीचा विचार कर."

मी यांच्याकडे बघत होते आणि मनात एकच, बोला हो, एकदाच बोला. नाही बोललात तर मी पुन्हा त्या दारातून आत जाईन, आणि पुढच्या वेळी तुम्ही लाडू घेऊन याल, आणि त्याच्या पुढच्या वेळी, आणि मग एक दिवस कुणीतरी माझ्याही तेराव्याचं जेवण घालेल.

"आई, पुरे आता," हे म्हणाले. आवाज असा फाटलेला की मला आधी ओळखूच आला नाही. "डॉक्टर, ही इथे होती. मीच आणून सोडली. मीच यायचो भेटायला. मावसबहीण नाही, बाळंतपण नाही, काही नाही, गावात आम्हीच तसं सांगितलंय. लाडू तेवढे होते."

"कसले लाडू?"

"डिंकाचे. जुळ्यांसाठी म्हणून शेजारणी द्यायच्या. मी हिला आणून द्यायचो." आणि हे, हेडक्लार्क पाटणकर, डॉक्टरांच्या टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखे रडायला लागले. मी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वॉर्डातल्या बायकांच्या पाठीवरून हात फिरवून मला आता सवय झाली होती.

डॉक्टरांनी फाइल मिटली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "कुमुदताई, माफ करा. तुम्ही अगदी बऱ्या आहात. आजच घरी जा." मग यांच्याकडे वळून म्हणाले, "आणि आजींना एकदा बुधवारी ओपीडीत घेऊन या."

वॉर्डात जाऊन मी माझं सामान बांधलं. माझं दुपटं पिशवीत भरलं. हौसाबाईंनी त्यांचंही घडी करून पुढे केलं, "ने गं, जोडी फोडू न्हाई." मी ते त्यांच्या खाटेवर पसरलं आणि मागे न बघता निघाले. बघितलं असतं तर पाय निघाला नसता.

गाडी अर्ध्या वाटेवर आली. माई एकदम म्हणाल्या, "ती चौगुले आत्याला सांगणार."

"तसं सांगता येत नाही त्यांना, आई," हे म्हणाले. "नोकरीचा नियम असतो."

"मग बरं," माई म्हणाल्या. त्यांच्या जिवात जीव आला. "मग अमेरिका चालू ठेवू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीतल्या बायका आल्याच. मी पोहे केले. घर तसंच होतं, खिडक्यांवरची वर्तमानपत्रं तेवढी कुणीतरी नखाने खरवडून काढली होती. निंबाळकर वहिनी पुढे सरसावून बसल्या, शकूताई नेहमीप्रमाणे दाराशी.

"आधी जुळ्यांची नावं सांगा!" निंबाळकर वहिनी म्हणाल्या.

"चिन्मय आणि तन्मय," माई म्हणाल्या.

"रोहिणी," हे त्याच वेळी म्हणाले.

सगळ्या बायका एकीकडून दुसरीकडे बघायला लागल्या. "रोहिणी टोपणनाव आहे," माई म्हणाल्या, आणि कपाळावरचा घाम पुसला. मी त्यांच्याकडे पाहिलं. किती दमल्या होत्या माई! सहा महिन्यांत दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या होत्या. मला त्यांचा राग येईना. हे ओझं आता आणखी किती दिवस वाहायचं? आणि मी काय तोंडाने जन्मभर बर्फाची वर्णनं करत बसू?

"मी अमेरिकेला नव्हते," मी म्हणाले. "मला डोक्याचा आजार झाला होता. मी मनोरुग्णालयात होते. आता बरी आहे. गोळ्या चालू आहेत."

माईंनी डोळे मिटून घेतले. पोह्यांच्या बशीत चमचा वाजेनासा झाला. मग निंबाळकर वहिनींनी माझ्या हातावर चापट मारली आणि फिसकन हसल्या.

"इश्श, काहीतरीच तुमचं! अमेरिकेला जाऊन थट्टा करायला शिकलात हो वहिनी."

झालं, सगळ्या हसायला लागल्या. खरंच हसत होत्या की सुटका झाली म्हणून हसत होत्या, कोण जाणे. "वेड्यांचं इस्पितळ म्हणे!" "अहो, एवढी गुटगुटीत होऊन आली बाई तिथून?" माईंनी एक डोळा उघडला. खरं सांगून झालं होतं आणि अब्रूही शाबूत होती. त्यांनी दुसरा डोळा उघडला आणि तन्मयच्या काविळीचं सांगायला घेतलं.

दाराशी शकूताई हसल्या नव्हत्या. त्यांनी चहाचे कप गोळा केले आणि आत गेल्या. मी त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेले. नळाखाली कप धरून, माझ्याकडे पाठ ठेवूनच त्यांनी विचारलं, "दुपटी पुरली का हो अंगभर?"

मी जागच्या जागी उभी राहिले.

"पुरली," मी म्हणाले. "पायापर्यंत."

"मला धाकधूक होती. तुमची उंची माझ्याहून जास्त." त्या कप विसळत राहिल्या. "तिथे चादर पातळ देतात. आणि वरण म्हणजे पाणी. म्हणून लाडवांत खोबरं जास्त घातलं."

"शकूताई, तुम्हाला कसं कळलं? तिथे काय देतात ते?"

"मी नव्हते का वर्षभर इंदूरला," त्या म्हणाल्या. "एका खोलीत आम्ही खंडीभर बायका. खिडक्यांना तावदानं नव्हती. थंडीत दोघी दोघी एका खाटेवर निजायचो."

इंदूरच्या मामांच्या घरी खंडीभर बायका कुठून आल्या, हे मी विचारलं नाही. मला सगळं समजलं. बाहेर हशा पिकला होता, तन्मय बहुतेक बरा झाला होता.

"घारपुऱ्यांना माहीत आहे?" मी विचारलं.

"त्यांना इंदूर माहीत आहे. मुलांनाही." शकूताईंनी नळ बंद केला. "आज तुम्ही बाहेर सरळ बोलून टाकलंत. मला वाटलं, आपणही कुणाला तरी सांगावं. दुसरं दुपटं कुठे आहे? एकच वाळत घातलंय तुम्ही."

"हौसाबाईंना ठेवलं. माझ्या शेजारच्या खाटेवर होत्या. त्यांच्या घरच्यांनी गावात त्या मेल्या म्हणून सांगितलंय. भेटायला कुणी येत नाही."

शकूताईंनी पदराला हात पुसले.

"तुम्हाला पुढच्या महिन्यात गोळ्यांसाठी तिथे जायचं असेल ना?" त्यांनी विचारलं. "मी येईन बरोबर. लाडू करून आणते हौसाबाईंना."

"तुम्हाला जमेल तिथे यायला?"

"मला इंदूरला कुणीच भेटायला आलं नव्हतं," शकूताई म्हणाल्या, आणि कप उपडे घालायला लागल्या.